तिकिटाएवढा चेहरा

मुरारीने पोलादी पट्टीवरची जास्तीची शाई फडक्याने पुसली, वर ओलसर कागद ठेवला आणि छोट्या दाबयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला तेव्हा त्यावर एक बाई उमटली होती, टपाल तिकिटाएवढी.

"बघ गो," त्याने कागद राहीबाईपुढे धरला. "तुझी बहीण."

राहीबाई सकाळच्या एसटीने पाचाडहून पोलादपूरला आली होती. मुरारीच्या बायकोचं, आवडीचं, तिसरं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. वाडीमागचा डोंगर खाली आला त्या सकाळी मुरारी बाजाराला गेला होता. घर गेलं, घरात आवडी होती, भिंतीवरचे फोटोही गेले. उरला तो मुलाच्या, सुनीलच्या मोबाईलमधला एक. त्यात आवडी हसतेय आणि नाकाखाली सगळा पदर.

मुरारीने पस्तीस वर्षं नाशिकच्या छापखान्यात टपाल तिकिटांचे ठसे कोरले होते. भिंगाखाली, केसाहून बारीक रेषांनी, परक्या माणसांचे चेहरे. गावी येई तो गणपतीला आणि शिमग्याला. निवृत्त होऊन कायमचा आला आणि चौथ्या महिन्यात दरड कोसळली. आता या भाड्याच्या खोलीत अकरा महिने खपून त्याने ही पट्टी कोरली होती. त्यातच डावा डोळा कामातून गेला. पदराच्या वरचं त्याने फोटोवरून कोरलं, खालचं आठवून.

राहीबाई कागद घेऊन दाराच्या उजेडात गेली.

"डोळं तिचंच हायत, दाजी."

"आणि बाकीचं?"

"डाग नाय."

"कसला डाग?"

राहीबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"हनुवटीखाली. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. उकळती पेज उडाली व्हती. सुनील चौथीत व्हता तवा. त्या वर्षी तुमी गणपतीला आला नाय."

ते वर्ष मुरारीला आठवत होतं. एक तिकीट घाईने काढायचं होतं, रजा मिळाली नव्हती. तिकिटावरच्या माणसाच्या कपाळाला किती आठ्या होत्या, हेसुद्धा त्याला सांगता आलं असतं.

"मला कोणी कळवलं नाही."

"मी पत्र धाडनार व्हते. तीच नको म्हनाली. त्यांचं काम बारीक, हात हालंल त्यांचा, म्हनाली. मंग तुमी आलात की पदर धरायची तोंडावर. पुढं सवयच लागली."

मुरारी खाली बसला. तो पदर त्याला लाजेचा वाटत आला होता. शेवटचे चार महिने तर दोघं एकाच घरात होती. तो ओसरीवर, ती आत.

"मंग घाला की आता तेवढा डाग," राहीबाई हळू आवाजात म्हणाली.

त्याने पट्टी भिंगाखाली सरकवली. कोरणी उचलली, हनुवटीपाशी नेली आणि खाली ठेवली.

"कोरलेलं काळं छापतं गो. पांढरं हवं असलं तर तेवढी जागा आधीच सोडावी लागते."

"घासून काढता नाय येत?"

"येतं. दोन्ही डोळे असले की."

दुपारी महाडच्या एमआयडीसीतली पाळी संपवून सुनील आला. काखेत नवी फ्रेम होती. त्याने कागद उचलला, मधोमध बसवला, काच लावली. मग फ्रेम गुडघ्यावर उभी धरून पाहत राहिला. त्याचं बोट काचेवरून खाली आलं, हनुवटीखाली थांबलं, तिथेच जरा चाचपत राहिलं.

मुरारी त्या बोटाकडे बघत होता.

"बरोबर आलीय, आबा," सुनील म्हणाला आणि खिळा शोधायला उठला.