कोरडी राहिलेली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. जुनी म्हणजे फार नाही, दोन वर्षं अकरा महिन्यांची. पण आमच्या जातीला आयुष्यच तीन वर्षांचं, तेव्हा मला म्हातारी म्हटलंत तरी मी रागावणार नाही. गुडघा फुटल्यावर तुम्ही वरून बांधता ती पट्टी वेगळी. मी पोटाच्या आत ठेवायची पट्टी. जिथं टाका धरत नाही, तिथलं रक्त थांबवणं हे माझं काम.

झाडाच्या लगद्यापासून माझा धागा निघाला. यंत्रावर माझी तलम जाळी विणली, मग मला रसायनात मुरवलं. म्हणून रक्ताचा स्पर्श झाला की मी काळी पडते, मऊ होते आणि जखमेला चिकटून बसते. रक्ताला गोठायला तेवढाच आधार मिळतो. पुढे दोनेक आठवड्यांत मी शरीरातच विरघळून जाते. माझं पथ्य एकच, मला कोरडंच वापरायचं. आधीच पाण्यात भिजवलं की माझा निम्मा जोर गेला म्हणून समजा.

मित्रांनो, पालघरमधल्या एका छोट्या रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या कपाटात मी आणि माझी बहीण आपापल्या पाकिटांत पडून होतो. हेतल सिस्टर दर महिन्याला सगळ्यांच्या तारखा तपासायची. कात्र्या आणि चिमटे रोज कामाला जात, वाफेत तापून परत येत आणि ऐटीत बसत. आम्हाला कुणी विचारत नसे. एके दिवशी सिस्टर रखमाबाई मावशींना म्हणाली, "या दोघींची मुदत पुढच्या महिन्यात संपते." तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. एकदा तरी मला उघडा, नाहीतर मी तशीच कचऱ्यात जाईन. मी नेमकं काय मागत होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज त्याची लाज वाटते.

मग तो मंगळवार उजाडला. दुपारी बाराच्या सुमाराला दार धाडकन उघडलं आणि डॉक्टर सलोनींचा आवाज आला.

"बाई दातिवऱ्याची आहे, लाडकी नाव. सकाळी टेम्पोत मासे चढवताना घसरली आणि बर्फाच्या पेटीच्या कडेवर पोट आपटलं. कुणाला बोलली नाही. पदरानं कंबर आवळली आणि बाजारात येऊन मासे विकत बसली. चार तासांनी तिथंच कोसळली. पोटात रक्त साचलंय."

"रक्ताच्या पिशव्या?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन लावल्यात. आणखी दोन बोईसरहून निघाल्यात."

दाराबाहेर एक पुरुष एकसारखा बोलत होता. तो तिचा नवरा जिवल्या. "मी इचारला तिला, काय झाला म्हणून. ती बोलली, काय नाय, कमर धरली हाय. मी ऐकला आनि होडीवर गेलो." रखमाबाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

आम्हा दोघींची पाकिटं टेबलाजवळ आणून ठेवली. पाकिटातून अंधुकच दिसत होतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. रक्त ओढून घेणारी नळी खळखळत होती. डॉक्टर सारख्या मॉप मागत होत्या. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे जाड कापडी रुमाल. ते वाटीतल्या कोमट सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवायचे, पिळायचे आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचे, हे काम हेतलच्या नऊ वर्षांत अंगवळणी पडलं होतं.

"यकृताला बोटभर चीर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "टाका घातला की ओल्या पावासारखं फाटतंय. पट्टी द्या."

रखमाबाईंनी माझ्या बहिणीचं पाकीट उघडलं. हेतलनं तिला उचललं. तोवर अकरा मॉप त्या हातातून गेले होते, आणि बाराव्या खेपेला हात आपोआप वाटीकडे वळला. माझी बहीण सलाइनमध्ये बुडाली.

हेतल गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. डॉक्टरांची नजर जखमेवरून हलत नव्हती. पट्टी तशीच ओली आत गेली असती आणि रक्ताबरोबर सरकून आली असती.

"मॅडम, माझ्या हातून पट्टी भिजली," हेतल लगेच म्हणाली. "ही लावू नका. दुसरी काढते."

रखमाबाई हळूच म्हणाल्या, "दुसरी हाय सिस्टर. पन एकच हाय."

"हातमोजे बदला," डॉक्टर म्हणाल्या. "कोरडा चिमटा घ्या."

माझं पाकीट फाटलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो उजेड डोळ्यांवर आला, आणि माझं धाबं दणाणलं. समोर उघडं पोट होतं आणि टिपावं तितकं रक्त पुन्हा भरून येत होतं. हेतलनं मला कोरड्या चिमट्यानं पुढं केलं. डॉक्टरांनी जखमेवरचा मॉप उचलला, त्याच क्षणी मला चिरेवर ठेवलं, वर नवा कोरडा मॉप दिला आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"आठ मिनिटं. रखमाबाई, घड्याळ बघा."

मी काळी पडू लागले. खालून रक्त धक्के देत होतं आणि मी जिवाच्या करारानं धरून होते. तिसऱ्या मिनिटाला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाब खाली जात असल्याचं सांगितलं. पाचव्या मिनिटाला त्यांनी तो आणखी खाली गेल्याचं सांगितलं. डॉक्टर सलोनींचा धीर सुटत चालला.

"जरा उचलून बघते. खालून वाहत असेल तर?"

आता मला उचललं असतं तर गोठू लागलेलं सगळं माझ्याबरोबर निघून आलं असतं. मला ओरडायचं होतं, पण पट्टीला आवाज कुठला?

"अजून तीन मिनिटं आहेत, मॅडम," हेतल म्हणाली. आत्ताच जिच्या हातून चूक झाली होती, तिनं हे डॉक्टरांना सांगायचं म्हणजे छाती लागते. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात आणखी घट्ट दाबले.

सातव्या मिनिटाला बोईसरच्या पिशव्या आल्या. आठवं सरल्यावर हेतलनं मॉपच्या कडेनं थेंब थेंब सलाइन सोडलं, मॉपनं निघताना मला ओढून नेऊ नये म्हणून. मॉप सावकाश निघाला. मी जागच्या जागी होते आणि माझ्या कडेनं रक्ताचा एक थेंबही येत नव्हता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मॉप मोजले गेले, सगळे जुळले, आणि पोट शिवलं.

पाचव्या दिवशी हेतल वॉर्डात लाडकीच्या खाटेशी आली. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. "ताई, तुमच्या ऑपरेशनात माझ्या हातून एक पट्टी वाया गेली. दुसरी नसती तर काय झालं असतं, त्या विचारानं मला झोप येत नाही."

लाडकीनं हेतलचा हात धरून तिला खाटेवर बसवलं. मी आतून तिचा श्वास मोजत होते.

"बाय, तू चुकली नि लगेच बोलली," ती म्हणाली. "मी चार तास नाय बोलली. मासे खराब होतील म्हनून पोट बांधून बसली. मग जास्त कोन चुकला, सांग."

जिवल्या पायथ्याशी उभा होता. तो तोंड फिरवून रडला.

मित्रांनो, आज बारावा दिवस. माझे जेमतेम चार धागे उरलेत आणि तेही विरत चाललेत. पोटाला मार लागला तर ते बांधून बसू नका, लगेच घरात सांगा. हातून चूक झाली तर तीही लगेच सांगा. आम्ही पट्ट्या रक्त थांबवू शकतो, पण तुम्ही गप्प राहिलात तर आमच्यापर्यंत पोचणार कसे?

आत्ता डॉक्टर सलोनी लाडकीच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून बघत आहेत. फार वेळ बघत आहेत. जिवल्यानं श्वास रोखून धरलाय.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "इथं आता काहीसुद्धा दिसत नाही."

माझं याहून मोठं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.