कानाच्या थेंबांच्या वरची जागा

विंचू हे नाव त्याला पहिल्यांदा कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण इतकं न शोभणारं नाव शोधूनही सापडलं नसतं. रस्त्यात कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर माफी हाच मागायचा. घरात झुरळ निघालं तर त्याला दार उघडून द्यायचा. असा हा माणूस 'खणखणाट' या रॉक संगीताच्या मासिकात रेकॉर्डची परीक्षणं लिहायला लागला आणि बघता बघता विंचू झाला. गिटारवाले त्याला लांबून पाहूनच रस्ता ओलांडायचे. त्याला वाटायचं, आपण हडकुळे, चालताना कोपरं बाहेर काढतो, म्हणून लोकांनी प्रेमाने ठेवलेलं नाव असणार. आणि रस्ता ओलांडणारे घाबरत असतील ते संपादकांना.

संपादकांना घाबरावं असं एकेकाळी काही होतंही. कमरेपर्यंत केस, आणि बोलताना ते मान झटकून मागे टाकायची लकब. पुढे केस गेले, झटका राहिला. स्वतःचा ड्रमसेट विकून त्यांनी मासिक काढलं होतं, तेही एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत साबणाचा वास कायमचा मुरला होता. कपडे टांगायच्या दांड्यांवर तयार पानं चिमट्यांनी लटकवलेली असत, आणि त्यांच्यातून वाट काढताना भल्याभल्यांच्या शर्टाला गोंद लागायचा. जगाविरुद्ध बंड करायला निघालेलं हे मासिक असं दर महिन्याला धुण्यासारखं वाळत पडलेलं असे.

पानं लावायचं काम कात्रीबाईंकडे. टाइप होऊन आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, जाड कागदावर गोंदाने चिकटवायच्या, आणि पान तयार. त्या आल्या होत्या औषधाच्या बाटल्यांची लेबलं करणाऱ्या छापखान्यातून. रॉक संगीताशी त्यांचा संबंध एवढाच, की ते वाजायला लागलं की त्या कानात कापूस घालायच्या. पट्टीवर काय लिहिलंय हे वाचायची त्यांना कधी गरज पडली नाही. कड सरळ आली पाहिजे आणि पट्टी जागेत मावली पाहिजे, एवढंच त्या बघायच्या.

आणि परीक्षणाच्या पानाच्या तळाशी, अगदी पहिल्या अंकापासून, एक जाहिरात असायची: कानदुखीवरचे थेंब. एक गोबरं मूल कानाला हात लावून हसतंय. रॉकच्या मासिकावर इतका जीव टाकणारा जाहिरातदार दुसरा झाला नाही. बाकीचे आले आणि गेले, थेंबवाले एक महिना चुकले नाहीत. त्यामुळे आभाळ कोसळलं तरी त्या मुलाला धक्का लागता कामा नये, अशी संपादकांची सक्त ताकीद होती. थेंब मोठे झाले की वरचं परीक्षण लहान व्हायचं, सरळ गोष्ट होती.

आता विंचवाची पद्धत ऐका. लहानपणी आई त्याला आणि दादाला कडू औषध पाजायची, आणि मग वर चिमूटभर साखर द्यायची. साखर शेवटी, कारण तोंडात राहते ती शेवटची चव. लिहिण्याचा दुसरा कुठलाही धडा विंचवाने आयुष्यात घेतला नाही. आधी दोष सांगून मोकळं व्हायचं, मग 'पण' म्हणायचं, आणि त्या 'पण'च्या पुढे हात सैल सोडून कौतुक करायचं. लेख दिला की तो सुटला. छापून आलेलं स्वतःचं लिखाण त्याने कधीही वाचलं नाही. काहींना टेपवरचा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तसा त्याला ते पाहून घाम फुटायचा. नवा अंक आला की तो त्याचा वास घ्यायचा आणि फळीवर ठेवून द्यायचा.

तुमच्या लक्षात आलंच असेल. विंचवाच्या मात्र अर्धं आयुष्य आलं नाही.

त्याच्या आयुष्यात खरं दुःख म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे दादाशी झालेलं वाकडं. दादा गायचा. चार मित्र जमवून त्याने एकच रेकॉर्ड काढली, आणि हातात पडताच ती शर्टाच्या आत धरून धाकट्या भावाकडे घेऊन आला. तूच लिही म्हणाला, आणि खरं लिही. विंचवाने खरं लिहिलं. तिसऱ्या गाण्यात सूर नाकातून येतो. ड्रम दर वेळी थोडा उशिरा पोचतो, शेजाऱ्यांकडून मागून आणल्यासारखा. पण... आणि त्या 'पण'नंतर त्याने जेवढं लिहिलं तेवढं कोणासाठी कधी लिहिलं नव्हतं. अंक निघाला आणि दादाने बोलणं टाकलं. बँड मोडला. दादाने वाद्यदुरुस्तीचं दुकान उघडलं. मग विंचवालाही राग आला. एवढं डोक्यावर घेतलं, तरी दोन बारीकसे दोष याला सोसवत नाहीत? असेल मोठा भाऊ, पण मन केवढंसं. दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून अडून बसले, आणि दोघांचेही केस पांढरे झाले.

आई दादाकडे, दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. रविवारी विंचू तिला भेटायला जायचा, आणि तो दारात दिसला की दादाला नेमकं बाहेरचं काम निघायचं. एकाची खुशाली दुसऱ्याला आईच सांगायची. दादाचं नाक काही ठीक नाही, हे तिचं नेहमीचं. संध्याकाळी दुकान बंद केलं की आतल्या खोलीत नाक धरून बसतो आणि चमत्कारिक आवाज काढतो. डॉक्टरकडे जा म्हटलं की अंगावर येतो. विंचू म्हणायचा, वाफ घ्यायला सांग.

असं चालू असताना 'खणखणाट' बंद व्हायची वेळ आली. कागदावर छापलेलं वाचतो कोण हल्ली. संपादकांनी नसलेले केस मागे टाकले आणि जाहीर केलं, की शेवटच्या अंकात मासिकाचा इतिहास हवा, एक पान, आणि तो विंचवाने लिहायचा. आपलं मासिक सगळ्यांत जहाल कसं झालं, हे त्यात आलंच पाहिजे, असंही बजावलं. विंचू बुचकळ्यात पडला. जहाल म्हणजे आपण?

इतिहास लिहायचा तर वाचणं भाग होतं. स्टुलावर चढून त्याने जुने अंक खाली काढले आणि धीर करून, एक डोळा मिटून, आपलं पहिलं परीक्षण उघडलं. दोष होते. 'पण' नव्हता. त्याच्या जागी कानाला हात लावून हसणारं मूल. त्याला वाटलं, पान फाटलं असेल. पुढचा अंक उघडला. दोष, पूर्णविराम, मूल. त्याच्या पुढचाही तसाच. जमिनीवर अंकांचा ढीग झाला आणि विंचवाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक पानावर कडू औषध होतं, आणि साखर शोधून सापडत नव्हती.

मग त्याने दादाचा अंक काढला. उभ्याने वाचवेना म्हणून ढिगाशेजारी खाली बसला. ड्रम दर वेळी थोडा उशिरा पोचतो, शेजाऱ्यांकडून मागून आणल्यासारखा. संपलं. त्या महिन्यात थेंबवाल्यांनी बाटलीचं चित्रही घातलं होतं. शर्टाच्या आत रेकॉर्ड धरून आलेला दादा विंचवाला जसाच्या तसा दिसला, आणि त्याला रडू आवरेना.

कात्रीबाई आता कॉम्प्युटरवर पानं लावायच्या, कानातला कापूस तोच. विंचवाने अंक पुढे धरला तेव्हा त्यांनी आधी कडा सरळ आहेत ना ते पाहिलं.

"बाई, याच्या पुढचं कुठे गेलं?"

"जागा नव्हती," कात्रीबाई कापूस काढत म्हणाल्या.

"पण दर वेळी खालूनच कापायचं?"

"मग काय वरून? वरून कापलं तर नावच जाईल. लेबलाचं असंच असतं. औषधाचं नाव वर, किती घ्यायचं ते मध्ये, आणि तळाला कंपनीवाले स्वतःची स्तुती करतात. जागा कमी पडली की ती उडवायची."

"माझ्या लेखात तळाला माझ्या भावाची स्तुती होती."

कात्रीबाईंनी अंक मिटून त्याच्या हातात परत दिला. त्यांना वाईट वाटलं असणार, पण तसं दाखवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "मग ती वर लिहायची होतीत," त्या म्हणाल्या, आणि कापूस परत घातला.

विंचू तडक दादाच्या दुकानापर्यंत गेला आणि कोपऱ्यावरून परत फिरला. सांगणार काय? 'मी कौतुक केलं होतं रे, पण ते कापलं गेलं,' असं तर कोणीही लबाड सांगेल. मूळ कागद केव्हाच केरात गेले होते. साक्षीला फक्त कात्रीबाई, आणि त्यांनी वाचलंच नव्हतं. दादाने शिव्या दिल्या असत्या तर विंचवाने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. भीती होती ती तो नुसता हसून बाहेरच्या कामाला निघून जाईल याची. छापून मोडलं होतं, ते छापूनच जोडायला हवं होतं. आणि छापायला आता एकच अंक उरला होता.

घरी येऊन त्याने दादाची रेकॉर्ड लावली. जुनी वाक्यं काही केल्या आठवेनात, पण गाणी तोंडपाठ होती. मग त्याने मासिकाच्या इतिहासाला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत लिहिलं, की एका माणसाने एक रेकॉर्ड काढली होती आणि तिच्याबद्दल या मासिकाने वाचकांना अर्धंच सांगितलं. पहिल्या गाण्याच्या आधी तो श्वास घेतो तो ऐकू येतो, जिना धावत चढून आल्यासारखा. तिथेच आपण त्याचे होतो. दुसऱ्या गाण्यात एक तार किंचित उतरलेली आहे आणि ती तशीच ठेवायला छाती लागते. चौथ्या गाण्याचा ठेका कुठून आला हे घरातल्या माणसालाच कळेल: आम्ही झोपायचो तेव्हा आईचं शिलाई मशीन चालू असायचं, त्याचा आहे तो. लिहिता लिहिता विंचू थांबेना. सगळं सांगून झाल्यावर त्याला मासिक आठवलं, आणि मग त्याने लाँड्री, ड्रमसेट, केस, पहिला अंक, गाजलेले अंक, झालेली भांडणं, सगळं इमानाने लिहून काढलं. लेख एका पानाच्या तिप्पट झाला. मुद्दाम केला का, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. कात्रीबाईंच्या टेबलावर ठेवला आणि निघाला.

शेवटचा अंक आला तेव्हा त्याने वास घेतला, आणि या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचला. वर ठळक अक्षरांत "'खणखणाट'चा इतिहास". खाली पानभर दादा. अगदी तळाची ओळ होती, 'अशा दिवसांत, एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, हे मासिक सुरू झालं.' पूर्णविराम. खाली गोबरं मूल. कड एकदम सरळ.

संपादकांनी ते दोनदा वाचलं. इतिहासात आपलं नावसुद्धा नाही याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की ती रेकॉर्ड कुठे मिळेल.

रविवारी विंचू आईकडे निघाला. दुकानाचं दार उघडं होतं. दादा बाकावर बसला होता, आणि त्याला बाहेरचं काम निघालं नाही. समोर खुंट्या काढलेली एक गिटार आणि शेजारी उघडा अंक.

"यात दोष नाहीत," दादा मान वर न करता म्हणाला.

"जागा नव्हती," विंचू म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं: लेबलं, कात्री, थेंब, साखर. दादा ऐकत राहिला. मध्येच त्याने विचारलं, की मशीनचं तुला कधी कळलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच, विंचू म्हणाला. दादाने हात पुसायच्या फडक्यानेच तोंड पुसलं आणि गालाला तेल लागलं. तो उठला, दुकानाचं दार लोटून आला आणि भिंतीवरून आपली गिटार काढली.

"तिसरं गाणं ऐक. तू नाक म्हणाला होतास ना? तेव्हापासून रोज नाक धरून सराव करतोय. दुसऱ्या कोणाला विचारायचं नव्हतं मला."

विंचवाला आईचं बोलणं आठवलं, आणि आपण वाफ घ्यायला सांगत होतो तेही. त्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने थोडं थोडं दोन्ही केलं.

दादा गायला. आवाज जाड झाला होता, मध्ये मध्ये फाटत होता, आणि असा भरून येत होता की बाकावरच्या खुंट्या थरथरत होत्या. आणि तिसऱ्या ओळीला सूर आला तो थेट नाकातून. अगदी पूर्वीसारखा.

"कसं झालं?" दादाने विचारलं. "खरं सांग."

विंचू बाकावर टेकला. "आधी चांगलं सांगतो," तो म्हणाला.

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. श्वासाचं सांगितलं, उतरलेल्या तारेचं सांगितलं, आवाज जिथे फाटला तिथे आपल्याला काय झालं तेही सांगितलं. मधल्या सगळ्या वर्षांचं साठलेलं होतं, ते काही लवकर संपेना. गिटार मांडीवर घेऊन दादा लहान मुलासारखा ऐकत बसला. शेवटी आई चहा घेऊन खाली आली, आणि दोघं एका बाकावर बसलेले पाहून तशीच उभी राहिली. कप ठेवायला जागा नव्हती. गिटार भिंतीला गेली, अंक मिटला, खुंट्या डब्यात गेल्या, आणि या सगळ्यात नाकाचं सांगायचं राहून गेलं.