वादळाची रंगीत तालीम

अग्निशमन दलात त्यांनी तेहतीस वर्षं फोन उचलला. "आग कुठे लागलीय? पत्ता सांगा. घाबरू नका." एवढं बोलून गाड्या पाठवायच्या, की काम झालं. स्वतः आगीपर्यंत ते कधी गेले नाहीत. गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत. निवृत्तीनंतर यंदा पहिल्यांदाच रेडिओवर चक्रीवादळाच्या मोसमाचे इशारे सुरू झाले आणि ऑपरेटरच्या अंगातच वारं शिरलं.

"तहान लागल्यावर विहीर खणणारा मी नाही," त्यांनी बायकोला सुनावलं.

"माहितीये. तुम्ही आधी घर खणाल," ती म्हणाली. ती पडदे शिवायची आणि मशीनवरून मान न उचलता उत्तर द्यायची.

आठवडाभरात त्यांनी जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली. पक्क्या भिंती, खिडकी नाही. तिथे पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, औषधं, बिस्किटांचा मोठा डबा आणि एक शिट्टी जमवली. दार वाऱ्याने उघडू नये म्हणून भक्कम लोखंडी आकडा ठोकला. तो बाहेरून ठोकला, कारण आत हातोडा उगारायला जागाच नव्हती.

रविवारी सकाळी तालीम ठरली. ऑपरेटरनी शेजारच्या न्हाव्याला आधीच बजावलं, "शिट्ट्या ऐकू आल्या तर धावत येऊ नका. मी वाचवा म्हणून ओरडलो तरी नाही. तालीम खरी वाटली पाहिजे."

"वाटेल की," न्हावी म्हणाला.

दहाच्या ठोक्याला ऑपरेटर ओरडले, "वादळ! तीन मिनिटांत सगळे आत! मोबाइल बाहेरच, चार्जिंगला!" बायको हातातलं काम तसंच टाकून, गळ्यात कात्री लटकत, आत शिरली. त्यांच्या थोरल्या ताई मात्र उशी, चष्मा, दुसरा चष्मा आणि पावडरचा डबा गोळा करत सावकाश आल्या.

"ताई, अगं वादळ आलंय!"

"मग ते काय मला न घेता जाणारे का, बाळ्या?"

ताई आत आल्या तसं ऑपरेटरनी दार धाडकन लोटलं. त्या हादऱ्याने बाहेरचा आकडा खाली पडला आणि कोयंड्यात चपखल बसला.

"दोन मिनिटं पन्नास सेकंद!" ते विजयी मुद्रेने म्हणाले आणि दार उघडायला गेले. दार ढिम्म.

त्यांनी दार ओढलं, लाथा घातल्या. मग गाल फुगवून शिट्टी वाजवली. भिंतीपलीकडून न्हाव्याचा आवाज आला, "झकास चाललंय, ऑपरेटर! अजून जोरात!"

"वाचवा! खरंच अडकलोय!"

"अगदी खरं वाटतंय हो!"

ऑपरेटरना दरदरून घाम फुटला. श्वास अडखळायला लागला. ताईंनी बिस्किटांचा डबा फोडला. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला आणि शांतपणे विचारलं, "आग कुठे लागलीय? पत्ता सांगा. घाबरू नका."

ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "एकदा माणूस कमी पडला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "साहेब म्हणाले, चढ गाडीत. मी म्हणालो, मग फोन कोण उचलणार? खरं म्हणजे माझी टरकली होती. कुणाला सांगितलं नाही कधी."

ताईंनी तोंडातलं बिस्किट संपवलं. "बाळ्या, फोन उचलला नसतास तर ती गाडी काय वास काढत गेली असती? घे, खा."

बायकोने बॅटरी दारावर फिरवली. "अहो, बिजागऱ्या आतून आहेत." तिने गळ्यातली कात्री काढली. टोक बोथट होईपर्यंत एकेक स्क्रू फिरवला. दोन तासांनी दार निखळलं आणि ऑपरेटरसकट बाहेर कोसळलं. तेवढ्यात न्हावी खांद्यावर टॉवेल टाकून हजर. "जरा लांबली का तालीम?"

दार परत बसवायला सुतार मिळेना. सगळ्या गावाच्या खिडक्या त्याच्याच गळ्यात पडल्या होत्या. पंधरा दिवसांनी भर दुपारी वादळ खरंच आलं. न्हाव्याच्या दुकानाचे पत्रे उडाले. तो, त्याची बायको आणि अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक धावत येऊन जिन्याखाली घुसले.

"आई कुठाय?" न्हाव्याची बायको किंचाळली. "मला वाटलं, तुम्ही आणलंत!" "मला वाटलं, तू!" न्हावी ओरडला.

कुणी काही बोलायच्या आत ऑपरेटर बाहेर पडले. वाऱ्यात वाकून, कुंपणाला धरत धरत शेजारच्या घरात शिरले आणि म्हातारीला पाठंगुळीला मारून निघाले. तिचा आवाज वाऱ्यावर मात करत होता. "हळू! मी काय पोतं आहे? पदर बघ माझा!"

म्हातारीला उतरवून ते भिंतीला टेकले. खिळ्याला अडकून शर्ट पाठभर फाटला होता.

"भीती नाही वाटली?" बायकोने विचारलं.

"वाटली की. जाताना वाटली, येताना वाटली. आत्ताही वाटतेय."

न्हाव्याने बॅटरीच्या उजेडात गिऱ्हाइकाची उरलेली दाढी करायला घेतली. ऑपरेटरच्या बायकोने सुईत दोरा ओवला आणि अंगावरच त्यांचा शर्ट शिवायला सुरुवात केली. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं.

"हलू नका," ती म्हणाली.