माझा डावा हात तुटलेला नाही

मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा डावा हात तुटलेला नाही. तो कापलेला आहे. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. सलूनच्या खुर्चीचं काम ऐकण्याचं. पण हा फरक दुसरं कोणी सांगेना, म्हणून मलाच तोंड उघडावं लागलं.

बैलगाड्या बनवणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. त्यामुळे माझे पाय खुर्चीला शोभतील त्याहून जाड आहेत. माझ्या मालकांना सगळं गाव वस्तरेमामा म्हणे. गिऱ्हाईक माझ्यात बसे आणि मामा माझ्याभोवती फिरत दाढी करत. सात वर्षं असं चाललं. मग एका गाडीचं चाक मामांच्या गुडघ्यावरून गेलं. पाय वाचला, पण पुन्हा वाकला नाही. उभं राहून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

दुकान बंद करायची बोलणी सुरू झाली. तेव्हा मामी स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्या डावीकडे ठेवलं.

"बसून करा."

"बसून कोणी दाढी करतं का?" मामा म्हणाले.

"गिऱ्हाईक बसतंच की. तुम्ही बसलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मामा बसले. ताठ पाय पुढे केला, तर माझा हात आडवा आला. त्यांनी वीत लावून तो मोजला. मग शेजारून करवत मागवली. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने माझी पाठ घट्ट धरली. कापून झाल्यावर मामांनी कड कानशीने घासून गोल केली, कोणाच्या कपड्याला ओरखडा जाऊ नये म्हणून. त्यानंतर ते दुकान पंचवीस वर्षं चाललं. इतर खुर्च्यांना दोन हात असतात. मला एक हात आहे आणि एक कारण आहे.

मामा गेल्यावर मी माळ्यावर पडले. माझ्यावर जुन्या गाद्या रचल्या गेल्या. पुढे गावातल्या जुन्या कचेरीची डागडुजी होऊन तिथे संग्रहालय झालं, तेव्हा मला खाली काढलं. संग्रहालयाच्या मॅडम मनाने चांगल्या. वाळवी लागू नये म्हणून दर महिन्याला मला उलटी करून बघतात. पण त्यांनी माझ्या गळ्यात पाटी अडकवली : 'खुर्ची. डावा हात तुटलेला. दुरुस्ती बाकी.'

ती पाटी मी तीन वर्षं सोसली. गेल्या महिन्यात मिस्त्री नवा हात घेऊन आले. चकचकीत, पॉलिश केलेला. त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"मॅडम, हे तुटलेलं नाही. कापून घासलंय."

"चांगली खुर्ची कोण कापेल, मिस्त्री? मोडली असेल, मग सारखी केली असेल. बसवा तुम्ही."

गिरमिटाचं टोक माझ्या लाकडाला टेकलं. आता नवा हात बसणार आणि मामांचं स्टूल कायमचं बाहेर राहणार. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माझ्या बापाने कापलंय ते. पाठ मी धरली होती."

तीच मुलगी. आता सत्तरीच्या आजी झालेल्या. मला नवा हात बसवणार आहेत, हे कळल्यावर तडक निघून आल्या होत्या. त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

मॅडम ओशाळल्या. "आजी, माझा विश्वास आहे. पण पाटीवर लिहायचं तर काही पुरावा लागतो."

आजींनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे गावाच्या बँडचा जुना फोटो आहे, बावीस माणसांचा. "बाबा डावीकडे बसायचे. उजव्या गालापर्यंत हात पुरायचा, नजर पुरायची नाही. चूक नको म्हणून त्या बाजूचा कल्ला जरा वरच कापायचे. बघा."

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि टेप काढली. एकेक माणूस मोजला. एकामागून एक, उजवा कल्ला डाव्यापेक्षा आखूड.

"ह्या एकाचे दोन्ही सारखे आहेत," मिस्त्री म्हणाले. "हा सनईवाला."

"तो परगावचा, वाजवण्यापुरता यायचा. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा. लग्नानंतर त्याचाही वर गेला."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना माझ्यातच बसावं लागलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझी पाटी काढली. तो नवा हात आता संग्रहालयाच्या दाराला मूठ म्हणून लावलाय. तिथे तो शोभतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण दुरुस्त करण्याआधी विचारा, ही अशी का आहे? माझ्या डावीकडे आता एक स्टूल ठेवलंय. बसा त्यावर, पाय ताठ पुढे करा. कुठेही अडणार नाही.

ती जागा मी भरू देणार नाही.