उचलायचं बटण

"मॅडम, माही बाई अडकली!"

शेवटच्या रांगेतून अमोल ओरडला आणि सगळी कॉम्प्युटर लॅब हसली. उज्मा मॅडम त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर पिवळ्या भिंतींचा एक दवाखाना होता, अमोलनंच काढलेल्या नकाशावरून उभा केलेला. चाकाच्या खुर्चीत बसलेली एक बाई फाटकातून आत येऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी थांबली होती. अमोल बाणाची कळ दाबत होता आणि खुर्चीची पुढची चाकं पहिल्या पायरीवर टकटक आपटत होती.

"चार जनाईनं उचलली तं जाईन ना वर," अमोल म्हणाला. "आमच्या गावात तसंच करतेत. उचलाचं बटन कोनतं हाये?"

"या खेळात उचलायचं बटण नाही."

"काहून?"

"ती रोज येणार आहे. रोज चार माणसं कुठून आणशील?"

अमोलनं डोकं खाजवलं आणि नकाशा उघडून पायऱ्या खोडायला घेतल्या. बाकीच्यांचीही तीच गत होती. कुणाचं दार इतकं अरुंद की खुर्ची चौकटीत रुतून बसली. कुणाच्या दवाखान्यात चिठ्ठी काढायची खिडकी इतकी उंच की बाईचं फक्त कपाळ तिथवर पोचलं. पोरं एकमेकांच्या पडद्यांवर वाकून हसत होती. दुसऱ्या रांगेतली पौर्णिमा मात्र आपला पडदा बंद करून, हात मांडीवर ठेवून बसली होती.

अमरावतीच्या या खाजगी पॉलिटेक्निकमध्ये उज्मा तासिका तत्त्वावर शिकवायची. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये संपली, पुन्हा जूनमध्ये अर्ज, असं करता करता तिची चाळिशी आली. अभ्यासक्रमाच्या अगदी शेवटी एक लहानसा भाग होता, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना वापरता येतील अशा इमारतींचा. त्याला गुण थोडे, म्हणून सगळे शिक्षक पान क्रमांक सांगून मोकळे व्हायचे. उज्मा नेटानं शिकवायची. दार किती रुंद, उतार किती सौम्य, सगळं फळ्यावर लिहून द्यायची. पोरं पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याला दणदणीत पायऱ्या काढून आणायची.

म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत ती इंटरनेटवरून फुकटात मिळालेलं सॉफ्टवेअर शिकली आणि हा खेळ तयार केला. तिची आई, हलीमाबी, अकोल्याचं घर सोडून तिच्याजवळ राजापेठेत राहायला आली होती. लेक दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली बघून ती वैतागली.

"कॉलेज की मॅडम हो के बच्चों का गेम खेल रई?"

"खेल नहीं रई अम्मी, बना रई हूँ. जरा देखो तो."

हलीमाबीनं चष्मा लावला आणि एका बोटानं कळ दाबली. खुर्चीतली बाई जाऊन भिंतीवर आदळली.

"अरे, बेचारी को लगी ना!" म्हणत हलीमाबीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

खेळ तयार झाला, हे उज्माला तेव्हा कळलं.

पुढच्या लॅबला पौर्णिमा आलीच नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. उज्माला ती सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली सापडली.

"तब्येत बरी नाही का ग?"

"बरी हाये मॅडम."

"मग खेळ आवडला नाही?"

पौर्णिमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आमच्या घरी हाये तशी खुर्ची. बाबाची. तालुक्याले शिबिर होतं, तिथी भेटली. तिच्यावर आता गोधड्या ठेवतो आमी." ओढणी सोडून ती म्हणाली, "पडद्यावर थे बाई आपटली का मले बाबाच दिसतेत."

तिचे वडील, खुशालराव, कापसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडले होते. जिनिंग कारखान्याच्या दारात, गाड्यांच्या रांगेत. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते खाटेवर होते.

"मी येऊ तुमच्या घरी?" उज्मानं विचारलं.

रविवारी ती पौर्णिमाबरोबर धामणगाव रेल्वे स्टेशनवर उतरली आणि तिथून ऑटोनं गावात गेली. घराचा ओटा चांगलाच उंच होता. पौर्णिमाच्या आईनं, मैनाबाईनं, "बसा ना बाई" म्हणत पदरानं खुर्ची पुसली आणि चहा टाकला. खुशालराव खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी ताजी केलेली, सदऱ्याला इस्त्री. मॅडम येणार म्हणून तयार होऊन बसले होते.

चहा झाल्यावर उज्मानं पर्समधून टेप काढला. "भाऊ, या ओट्याला आम्ही उतार बांधून देतो. पोरं आहेत माझी. तुम्ही खुर्चीनं आरामात बाहेर जाल."

"बांधा," खुशालराव शांतपणे म्हणाले. "पन जाऊ कोठी?"

उज्मानं अर्धवट ओढलेला टेप हातातच धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"वावर ठेक्यानं देल्लं. तिथी जाऊन दुसऱ्याचा कापूस पाहू? पारावर गेलो तं लोक इचारतेत, काय म्हनते तब्येत. येक डाव सांगतलं, दोन डाव सांगतलं. रोज तेच सांगाले उतार पायजे काय मॅडम?"

मैनाबाई चुलीकडे तोंड करून बसली. उज्मानं टेप गुंडाळून परत पर्समध्ये ठेवला. आपल्या खेळात गाव नव्हतं, पार नव्हता, हे तिच्या मनात आलं. नुसती एक इमारत होती आणि बाईला तिथं जायचं होतंच, असं तिनं धरून चाललं होतं.

"थे पोरगी सांगे, तुमी काही खेळ बनवला म्हने," खुशालराव म्हणाले. "दाखवा ना जी."

उज्मानं बरोबर आणलेला लॅपटॉप खाटेवर ठेवला. पौर्णिमा दाराशी उभी राहिली, बघावं की नाही अशी. खुशालरावांनी कळा समजून घेतल्या आणि आपल्या लेकीच्या दवाखान्यात बाईला घेऊन गेले. पहिल्याच वळणावर खुर्ची कोपऱ्यात अडकली. त्यांनी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, पुन्हा अडकली.

"काय व पौर्णिमा, कोनाचा जीव घेतं काय?" ते हसायला लागले. मैनाबाई चमकून वळली. घरात ते हसणं बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं. पौर्णिमा खाटेजवळ आली, टेकली आणि बापाच्या हाताखालून कळ दाबून भिंत मागे सरकवायला लागली.

निघताना खुशालरावांनी लेकीला विचारलं, "तुहं कॉलेज कसं हाये मंग? तिथी तं बरोबर असन सारं."

पौर्णिमानं मॅडमकडे पाहिलं. "पायऱ्या हायेत, बाबा."

दुसऱ्या दिवशी उज्मानं वर्गाला नवं काम दिलं. आता दवाखाना बास, आपलं कॉलेज काढायचं. पोरांनी हुबेहूब काढलं, दर्शनी पायऱ्या, लोखंडी फाटक, वरचा नावाचा बोर्ड. मग बाईला आत पाठवलं. ती बोर्डाखाली पायरीला आपटत राहिली. यावेळी कुणी फारसं हसलं नाही.

तो पडदा तिनं प्राचार्य ओमप्रकाश सरांना दाखवला. सर वाईट माणूस नव्हते, थकलेले होते.

"मॅडम, यंदा निम्म्या जागा रिकाम्या आहेत. बोंडअळीनं कापूस खाल्ला, गावाकडून पोरं येऊन नाही राहिली. आणि तुम्ही म्हणता दर्शनी पायऱ्या फोडा?"

"फोडायच्या नाहीत सर. बाजूनं बांधायचं आहे. आपण दरवर्षी प्रॅक्टिकलला विटांची भिंत बांधून घेतो, मार्क देतो आणि पाडतो. यंदा पाडायची नाही, एवढंच."

सर पडद्याकडे वाकले. आपटणाऱ्या चाकांचा आवाज चालूच होता.

"तो बोर्ड तरी काढा हो त्याच्यातून," ते शेवटी म्हणाले. आणि उज्मा दारापर्यंत पोचल्यावर, "सिमेंटचं बघतो मी."

उतार आखला तेव्हा अमोलनं तोंडात बोट घातलं. "येवढा लंबा? हा तं सायकल स्टँडपावतर चालला!" पायऱ्यांच्या एकूण उंचीच्या बारापट लांबी, हे त्यानं परीक्षेत दोनदा बरोबर लिहिलं होतं. चुन्याची रेघ जमिनीवर ओढल्यावर ते खरं वाटेना. मधे सपाट जागा ठेवून उतार वळवावा लागला. पोरांनी विटा वाहिल्या, पौर्णिमानं दोरी धरली. काम अर्धं झाल्यावर उज्मा म्हणाली, "खुर्ची पाहिजे. बसून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

पौर्णिमानं घरी जाऊन खुर्ची मागितली. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं घडी केलेली खुर्ची घेऊन आली आणि निरोपही.

"बाबा म्हनतेत, आज नेऊन घे. पन उतार झाला का पुढच्या बारीले खुर्ची येकटी नाही येनार."

पोरं आळीपाळीनं खुर्चीत बसली. अमोल वरच्या टप्प्यावर पोचेपर्यंत त्याचे दंड भरून आले, चेहरा लाल झाला. तो खाली उतरला. फावडं घेऊन त्यानं वरचा टप्पा उकरायला सुरुवात केली, कारण तिथं चढ जरा जास्त झाला होता. त्या रविवारी तोच दोन मित्रांना घेऊन पौर्णिमाच्या गावी गेला. दगड आणि मुरूम भरून त्यांनी ओट्याला उतार केला. खुशालराव खिडकीतून बघत होते. कुठे जायचं, ते आता त्यांना ठाऊक होतं.

कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दिवशी ऊन कडक होतं. गावातला पिकअप फाटकात थांबला. मैनाबाई उतरली, मग खुर्ची, मग तिच्यात खुशालराव. अमोल धावत जाऊन मागची मूठ धरायला लागला.

"नोको रे पोरा. पाहू दे मले."

त्यांनी चाकांवर हात ठेवले. मधल्या सपाट जागेवर थांबले, श्वास घेतला, रुमालानं मान पुसली आणि वळले. दारात उभ्या असलेल्या पोरांपैकी एकानं टाळी वाजवायला हात उचलले. उज्मानं नजरेनंच त्याला थांबवलं. खुशालराव वर आले आणि इतर पालक जात होते त्यांच्याबरोबर आत गेले.

लॅब वरच्या मजल्यावर होती, म्हणून खेळ खालच्या हॉलमध्ये मांडला होता. पौर्णिमाच्या दवाखान्यात ती बाई आता सरळ डॉक्टरच्या टेबलापर्यंत गेली.

"डॉक्टर हाये का पन?" खुशालरावांनी विचारलं. "आमच्याकडे दवाखाना हाये, डॉक्टरच नसते." आजूबाजूचे बाप मोठ्यानं हसले. कुणी कापसाचा विषय काढला, कुणी तुरीचा. तब्येत कुणी विचारली नाही.

ओमप्रकाश सर स्वतः चहा घेऊन आले. खुशालरावांनी हात जोडले. "नोको जी." पाणी आलं, तेही नको म्हणाले. उज्मानं आग्रह केला तेव्हा मैनाबाईनं तिला बाजूला ओढलं.

"सकायपासून पानी नाही पेले ते. घरून निंघाच्या आंधीपासून. इथी लागली तं जाचं कसं, म्हनून."

उज्मा व्हरांड्याच्या टोकाला गेली. संडासाला उंच उंबरा होता. दार एका माणसापुरतं आणि आत पाण्याचा ड्रम ठेवलेला. ती तिथं उभी राहिली. तिच्या खेळात संडास नव्हताच. त्या बाईला तिनं फाटकातून नेलं, चिठ्ठी काढायला लावली, डॉक्टरपर्यंत पोचवलं, पण तिला कधी लागेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा खुशालराव दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा दवाखाना खेळत होते. ओठ कोरडे पडले होते. मजेत दिसत होते.

सोमवारी तास सुरू होण्याआधी पौर्णिमा टेबलापाशी आली.

"बाबा लय खुश हायेत मॅडम. गावाजवळ येऊन राहिलो तं त्याईनं गाडी थांबवली. सारी बाटली पानी पेले. मंग आईचीबी पेले."

"बरं," उज्मा म्हणाली. तिनं हजेरी घेतली. मग फळ्याकडे वळून एकच ओळ लिहिली: आज फक्त संडास काढायचा.

वर्गात हसू फुटलं. मागच्या बाकावरून कुणी शिट्टी मारली. पौर्णिमा हसली नाही, तिनं कागद ड्रॉइंग बोर्डावर लावला आणि चारी कोपरे चिकटवले.

"मॅडम," अमोलनं विचारलं, "दार आत उघडाचं का बाहीर?"

"तूच सांग."

अमोल उठला. आपलं स्टूल त्यानं दोन बाकांच्या मधल्या वाटेत ओढलं, त्यावर बसला, पाय उचलून धरले आणि चाकाच्या खुर्चीत असल्यासारखा, हातांनी बाक ढकलत हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागला. अर्ध्यावर त्याचा गुडघा बाकाला लागला. तो थांबला. हसणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या दोघांनी उठून आपापले बाक मागे सरकवले.