नवव्या ग्रीनवरचे पाय

आमच्या बाबांच्या मते डोळ्यांना जगात एकच औषध आहे : सकाळचं दव. हिरव्या गवतावर, अनवाणी, रिकाम्या पोटी. बाकी चष्मा, थेंब, ऑपरेशन ही सगळी डॉक्टरांची दुकानदारी. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला तेव्हा बाबांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवली आणि विजयी चेहऱ्याने घरी आले. तक्ता त्यांनी आधीच पाठ केला होता, हे आईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. आम्ही दोघी हसलो होतो तेव्हा.

बाबा म्हणजे मनोहर देशकर. आजोबांच्या सरकारी कार्यालयाबरोबर आमचं घर नागपूरहून भोपाळला आलं आणि इथलंच झालं. बाबाही पुढे सरकारी खात्यात नकाशे काढायला लागले. हातात पट्टी न घेता कागदभर सरळ रेष ओढायचे, आणि पट्टी लावून तपासा म्हणून साहेबांना आव्हान द्यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा ते बाबाच ठरवतात.

आणि मी, त्यांची मुलगी जुई, गवत सांभाळते. नातेवाइकांना हे सांगितलं की ते विनोदाची वाट बघतात. रायसेन रोडला, आनंद नगरच्या पुढे, एक जुनं गोल्फचं मैदान आहे. त्याचे नऊ खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याभोवतीचं गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत, म्हणजे ग्रीन, माझ्या ताब्यात असतात. शेतकी कॉलेजात पहिली येऊन मी हे करते, याचं दुःख आमच्या काकूंना माझ्यापेक्षा जास्त आहे. असो.

गेल्या हिवाळ्यात माझी तीन ग्रीन जळाली. थंडीने जळाली, असं सांगितलं तर लोकांना पटत नाही. पण आमचं गवत हरळीच्या जातीचं. मे महिन्याच्या उन्हात ते खुशीत असतं, थंडी मात्र त्याला सोसत नाही. कडाका वाढला की दव पात्यावर गोठतं, पात्यातलं पाणीही गोठतं. तसंच राहू दिलं, उन्हाने आपसूक वितळू दिलं, तर गवत वाचतं. त्या वेळात कोणी पाय ठेवला तर पातं आतून फुटतं. लगेच काही कळत नाही. दुपारपर्यंत पावलाच्या आकाराचा काळा डाग उमटतो, आणि थंडीत गवत वाढत नसल्यामुळे तो होळीपर्यंत तिथेच राहतो. गेल्या वर्षी सदस्य मंडळी गोठलेल्या गवतावर खुशाल खेळली आणि डाग पडल्यावर मलाच विचारायला आली, की मॅडम, हे काय झालं?

तेव्हापासून क्लबच्या समितीत एक गट म्हणू लागला, की इथे गोल्फ कशाला, मॅरेज गार्डन काढू. आमचे सचिव विक्रांत सर सभ्य माणूस. त्यांनी मला एक हिवाळा मिळवून दिला. या रविवारी समिती मैदान बघायला येणार होती. ग्रीन चांगली असतील तर मैदान राहणार, नाहीतर नवव्या ग्रीनपासूनच मांडव उभे राहायला सुरुवात. माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण ही नऊ ग्रीन मी काडी काडी लावून वाढवली होती. त्यांच्यावर केटरिंगवाल्यांच्या भट्ट्या लागलेल्या मला बघवल्या नसत्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात शीतलहर आली. शाळा उशिरा भरू लागल्या, पोह्यांच्या ठेल्यांभोवती लोक शेगडीला चिकटून उभे राहू लागले. मी करोंद मंडीतून बारदान आणवलं, पोती उसवून शिवून मोठ्या चादरी केल्या आणि सखल भागातली ग्रीन रोज संध्याकाळी झाकायला लागले. नववं ग्रीन उंचावर, क्लबच्या इमारतीसमोर. तिथे चादर पुरली नाही, म्हणून चारी बाजूंनी खुंट्या ठोकून पांढरी दोरी ताणली. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी पाटी लावली : गवतावर पाय ठेवणाऱ्याचा फिरण्याचा पास हंगामभर रद्द. सही माझी.

घरी मात्र पाटी लावता येत नाही, आणि घर मैदानाजवळच असल्यामुळे बाबा रोज पहाटे तिथलाच पास घेऊन ग्रीनबाहेरच्या हिरवळीवर दव तुडवायला जातात. त्यामुळे गुरुवारी जेवताना मी बाबांना समजावलं.

"बाबा, उद्या गवतावर अजिबात जायचं नाही. रस्त्यावर चाला."

"रस्त्यावर दव कुठे असतं?"

"बाबा!"

"अगं, ऐकतोय मी. ओरडू नकोस."

"गवत पांढरं असेतोवर पाय ठेवायचा नाही. ऊन येऊन हिरवं झालं की मग खुशाल चाला. एवढं तर कराल?"

"पांढरं असेल तर पाऊल टाकणार नाही," बाबा म्हणाले आणि भाजीच्या वाटीसाठी हात पुढे केला. वाटी थोडी उजवीकडे होती. आईने ती काही न बोलता त्यांच्या हाताखाली सरकवली. मी हवामानाचा अंदाज बघत होते.

शुक्रवारी उजाडता उजाडता मी मैदानावर पोचले. सगळं मैदान पांढरं झालं होतं. झाडांखालचं सोडलं तर हिरवा ठिपका दिसत नव्हता. मुख्य माळी श्याम बारदानाच्या चादरी तपासत धावत होता. "मॅडम, ऐसा पाला तो मैंने यहाँ कभी नहीं देखा," तो म्हणाला. पाला म्हणजे इथल्या भाषेत हे गोठलेलं दव. मी एकेका ग्रीनवर चादरीचं टोक उचलून बघत गेले. खाली गवत ओलं होतं, गार होतं, पण हिरवं होतं. आठव्याशी पोचेपर्यंत हेच दिसत गेलं. नवव्याला चादर नव्हती, पण दोरी होती. कोणी पाय ठेवला नाही तर तेही वाचणार होतं.

नवव्यावर पाय होते.

दोरी एका बाजूने खाली पडली होती, खुंटी उपटली गेली होती. पांढऱ्या गवतावर अनवाणी पावलांच्या रांगा, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. एक नाही, दोन नाही, चांगल्या फेऱ्या मारल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खुंटी उपटून आत शिरायचं म्हणजे काय मस्ती ही! पास तर रद्द करणारच होते, वर सगळ्यांसमोर त्याची हजामत करणार होते. कोणाचे पाय ते ओळखावं म्हणून मी कडेला उकिडवी बसले.

उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता. तसाच अंगठा माझाही आहे.

श्याम माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्यानेही ओळखलं असणार, कारण बाबांच्या चपला ग्रीनच्या कडेला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तो खाकरला. "मॅडम, बोल देंगे नीलगाय घुस गई थी."

"नीलगाईला पाच बोटं असतात का रे?"

"तो मैं पूरे पे चल देता हूँ. किसी का नहीं लगेगा फिर."

मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याला एक लावून द्यावीशीही वाटली. मी पुन्हा त्या रांगांकडे पाहिलं. रांगा म्हणायच्या, पण त्या तशा नव्हत्या. पावलं डावीकडे सरकत गेली होती, मग अचानक वळली होती. एक रांग थेट कडेच्या वाळूच्या खड्ड्यापर्यंत गेली होती. तो खड्डा कमरेइतका खोल आहे. शेवटचं पाऊल त्याच्या अगदी काठावर होतं, बोटं काठाबाहेर. तिथून माणूस मागे फिरला होता तो बहुधा केवळ नशिबाने. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी भीती येऊन बसली. चपला उचलून मी गाडीला किक मारली.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसून आईकडून पेपर ऐकत होते. रोज ऐकतात. तिचा आवाज गोड आहे म्हणून, असं ते सांगतात. त्यांच्या पायजम्याचा गुडघा फाटला होता आणि तळहात खरचटला होता.

"पडलात?" मी विचारलं.

"कोणीतरी रस्त्यात दोरी बांधून ठेवली होती. काय लोक असतात!"

"मी बांधली होती बाबा. पांढरी दोरी. नवव्या ग्रीनभोवती."

त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "ते नववं होतं? मला वाटलं, मी बाहेरच्या हिरवळीवर आहे."

"आणि पायांना गार नाही लागलं? बर्फ होता खाली!"

"लागलं ना. चांगलं झोंबलं. म्हटलं, आज दव जोरदार आहे, डोळ्यांना गुण येईल. म्हणून दोन फेऱ्या जास्त मारल्या."

आता मात्र मी ओरडलेच. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पांढरं असेल तर पाऊल टाकायचं नाही! सगळं मैदान पांढरंशुभ्र होतं बाबा, एवढं पांढरं तुम्हाला दिसलं नाही?"

आईने पेपर खाली ठेवला. बाबांनी खरचटलेला तळहात मांडीवर उलटा केला.

"दिसलं," ते म्हणाले. "पण मला रोजच पांढरं दिसतं गं. दिवाळीपासून. मी म्हटलं, रोजच्यासारखंच आहे."

गॅसवर दूध उतू गेलं तरी आई उठली नाही. मी त्यांच्या चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या, आणि त्यांनी त्या पायाने चाचपडत शोधल्या. इतके दिवस ते असंच करत असणार. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

"डॉक्टरांना फोन लावते," मी म्हणाले. "आणि या वेळी तक्ता पाठ करायचा नाही."

"बरं," बाबा म्हणाले. इतक्या सहज ते कधी कशाला बरं म्हणाले नव्हते. त्यानेच मला जास्त धास्ती वाटली.

रविवारी समिती आली. आठ ग्रीन त्यांनी चालत बघितली, एकाने वाकून हातही फिरवला. नवव्यापाशी सगळे थांबले. पावलं तोवर काळी पडली होती, कोणीतरी डांबरात पाय बुडवून नाचल्यासारखी. मॅरेज गार्डनवाल्यांपैकी एक जण हसला. विक्रांत सरांनी माझ्याकडे पाहिलं. "जुईजी, ये किसके पैर हैं? पता चला?"

श्यामने मान खाली घातली. नीलगाय त्याच्या ओठांवर आली असणार.

"मेरे पिताजी के," मी म्हणाले. "उन्हें दिखता नहीं. उनका पास मैंने रद्द कर दिया है." मग मी त्यांना सांगितलं की गवताची मुळं जिवंत आहेत, ऊन वाढलं की नवी पाती येतील. आणि नाही आली, तर मी स्वतः मैदानाची चावी आणून देईन. कोणी हसलं नाही. निघताना विक्रांत सर म्हणाले, होळीपर्यंत थांबू. म्हणजे टांगती तलवार तशीच. पण मांडव त्या दिवशी तरी उभा राहिला नाही.

बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर ते पहिल्याप्रथम म्हणाले, "मला तुझं ते नववं दाखव." आईने त्यांना बूट घालायला लावले, वर मोजेही. काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर दोरीच्या बाहेर उभे राहिले. दोरी आता लाल होती.

पावलं तशीच होती, थोडी तपकिरी झालेली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पाऊल बघत गेले. जिथे रांग डावीकडे सरकली होती तिथे थांबले. जिथे वळली होती तिथे थांबले. मग त्यांची नजर वाळूच्या खड्ड्याच्या काठावरच्या त्या शेवटच्या पावलापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. त्यांचा हात थेट माझ्या हातापर्यंत आला. या वेळी तो चाचपडला नाही.

"मी सरळ चालत होतो जुई," ते म्हणाले. "खरंच सांगतो. मला वाटत होतं, मी अगदी सरळ चालतोय."