माणसांनी भरलेलं सभागृह

कळंबच्या नव्या सभागृहात वर्षाराणी दुपारी तालमीला बसली, तेव्हा ऐकायला तिचा बाप धुळाप्पा एकटाच होता, तोही शेवटच्या रांगेत. मेंढरं भावाच्या हवाली करून तो माकणीहून लेकीचं पहिलं जाहीर गाणं ऐकायला आला होता. पण रिकाम्या लाकडी खुर्च्या आणि उघड्या भिंतींमध्ये नुसता कालवा झाला. एक शब्द संपायच्या आत आधीचा भिंतीवर आपटून परत येत होता.

"आबा, कसं वाटलं?"

"आवाज गोड हाय गं. पर बोल न्हाय कळले."

तिचा चेहरा उतरला. तबला वाजवणारा शिवकुमार म्हणाला, "मामा, माणसं बसू द्या, मग सांगा."

माणसं आली की गलकाच वाढणार, धुळाप्पाला वाटलं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. गावाकडची मंडळी घोंगड्या घेऊनच आली होती. धुळाप्पा दुपारच्याच खुर्चीवर बसला. माईक नव्हताच. वर्षाराणीनं सूर लावला आणि तो ताठ झाला. एकेक बोल धुतल्यासारखा स्वच्छ येत होता. बोलाआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा त्याला ऐकू आला. लेक तीच, भिंती त्याच. मग दुपारचा तो कालवा गेला कुठं? त्यानं पुढं पसरलेल्या पागोट्यांकडं, पदरांकडं, घोंगड्यांकडं पाहिलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. उरलासुरला आवाज ही माणसं पिऊन घेत होती!

शेवटचं गाणं रंगात आलं असताना मागच्या रांगांतली मंडळी एसटीसाठी उठली. दारातून माणसं बाहेर पडू लागली तशी बोलांना शेपटं फुटली. धुळाप्पानं धावत जाऊन पुढं निघालेल्या, त्याच्याच गावच्या बलभीमचा हात धरला.

"भाऊ, मागं फिरा!"

"गाडी जाईल की."

"जाऊ द्या. तुमी उठला की तिचं बोल फुटत्यात. ऐका तर."

बलभीम थबकला. कान दिला. मग सगळ्यांना घेऊन परत येऊन बसला. बोल पुन्हा नितळ झाले.

गाडी गेली ती गेलीच. सगळे टेम्पोत दाटीवाटीनं निघाले. बलभीमनं हळूच विचारलं, "म्हंजी धुळाप्पा, आपून नुसतं बसलो, तरी गाण्यात होतो?"

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.